सूचना : नाणी घासू नका

सभासदहो, गेल्या बैठकीला एका नव्या सभासदाने कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा चिंचेने लख्ख घासून आणला. बघून जीव हळहळला. तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं कवच आहे. गेला की पुन्हा तसा येत नाही, किंमतही उतरते. शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचंही तेच.

मात्र फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेतल्या क्लोराइडमुळे ती धरते आणि धातू पोखरत जाते. नाणी ठेवायला पीव्हीसी प्लास्टिकची मऊ पाकिटं नकोतच. पावसाळ्याआधी डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला. शंका असलेली नाणी पुढच्या बैठकीला आणा, कडेने धरून, आहेत तशीच.