पाळी परत आली, पण सांगितलं कोणीच नव्हतं

संपादक महोदय,

किडनीदानावर तुम्ही लेख छापता ते चांगलंच, पण ट्रान्सप्लांटनंतर बाईच्या पाळीचं काय होतं यावर कुणी बोलतच नाही. माझ्या जावेची पाळी डायलिसिसवर असताना दीड वर्ष बंद होती (किडनी बिघडली की प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, बीजांड सुटत नाही, हे आम्हाला फार नंतर कळलं) आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात अचानक सुरू झाली तर ती रडायलाच लागली, तिला वाटलं नवी किडनीच गेली. अहो, ते तर किडनी नीट चालल्याचं लक्षण! पण मग दिवसही जाऊ शकतात, कधी पाळी दिसायच्या आधीच, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या मायकोफेनोलेटच्या गोळीने गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या कान-ओठात व्यंग येऊ शकतं. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर ती गोळी किमान 6 आठवडे आधी बदलून देतात, ट्रान्सप्लांटला साधारण वर्ष होऊ देतात. तोवर गर्भनिरोधक लागतंच. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर मास्क, पाणी, पथ्य सगळं होतं, पाळीचा एक शब्द नाही. डॉक्टर पुरुष, सोबतीला सासरे, विचारणार कोण?

एक वाचक, सातारा