फोन माझ्या हातातच राहू देणाऱ्या लेकीस

शेजारच्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहायचं ठरवलं. नवा फोन पुढ्यात ठेवून गप्प बसलेलं माझ्यासारखं माणूस बऱ्याच घरांत असेल.

जुना बटणांचा फोन बंद पडला आणि मुलाने टचस्क्रीनचा आणून दिला. पहिले पंधरा दिवस मी फोन वाजला की धास्तावायचे. हिरव्या गोलावर कितीही बोट टेकवलं तरी फोन उचलला जायचा नाही. तो गोल वर सरकवायचा असतो, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. रिंग वाजत असताना ते वाचायला कुणाला सुचतं? बोलून झाल्यावर फोन कानापासून दूर केला तरी स्क्रीन काळीच, कट करायचा कुठून ते दिसेना. एखादं नाव दाबावं तर फोन लागायच्या ऐवजी भलतीच यादी उघडायची.

विचारलं ज्याला त्याला. प्रत्येकाने "द्या इकडे" म्हणून फोन घेतला, भराभर बोटं फिरवली आणि "झालं बघा" म्हणत परत दिला. त्यांनी वेळ दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण काय केलं ते मला कधी दिसलंच नाही.

तू फोनला हात लावला नाहीस. "काकू, तुम्ही करा, मी बघते," म्हणालीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलीस. मी तीनदा एकच नाव दाबलं. तू स्क्रीनकडे बघत नव्हतीस, माझ्या बोटाकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "तुम्ही जोर लावताय. या काचेला जोर कळत नाही, बोट टेकलंय की नाही एवढंच कळतं." बटणांच्या सवयीने माझं बोट रेंगाळत होतं, आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास बोट राहिलं की फोन ते "दाबून धरलं" असं समजतो. तेवढ्या एका वाक्याने पंधरा दिवसांचं कोडं सुटलं.

त्यानंतर तू माझी तर्जनी हातात घेऊन तिचं टोक चाचपलंस. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी, सुया टोचून तिथली कातडी राठ झाली आहे. आपलं शरीर वीज वाहून नेतं, म्हणून बोट टेकलं की त्या जागचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला स्पर्श कळतो. नखाने तो कळत नाही आणि कोरड्या, जाड कातडीने कधी कधी चुकतो, असं तू सांगितलंस. "मधल्या बोटाने करून बघा." केलं, आणि पहिल्याच वेळी फोन लागला. दोष माझ्या डोक्यात नव्हता, हे त्या क्षणी मला पटलं. त्याचे आभार कसे मानू?

बाकीचं तू माझ्याच हातून करून घेतलंस. दाबून धरण्याचा अवधी वाढवला. काठावरून बोट सरकवून मागे जाणं मला जमत नव्हतं, तर खाली तीन बटणं आणली. अक्षरं मोठी केली. बाजूचं बटण दाबून फोन कट होईल अशी सोय लावली. काळ्या स्क्रीनचं कारणही तुलाच सापडलं: वर लावलेल्या काचेची कड कानाजवळच्या सेन्सरवर आली होती, त्यामुळे फोनला तो अजून कानालाच आहे असं वाटत होतं.

या सगळ्या सोयी फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होत्या, याचा मला खरंच राग येतो. सेटिंगच्या आत चौथ्या-पाचव्या पायरीवर त्या का ठेवायच्या? फोन पहिल्यांदा सुरू करतानाच का विचारत नाहीत? जुन्या फोनवर पाचच्या बटणावर बारीकसा उंचवटा असायचा, अंधारातही बोट बरोबर जागी पडायचं. या सपाट काचेवर बोटाला धरायला काही नाही, तर निदान विचारावं तरी.

काल रात्री दिवे गेलेले असताना बहिणीचा फोन आला. दुसऱ्या रिंगला उचलला, पाऊण तास बोललो, आणि बाजूचं बटण चाचपून मीच बंद केला.

तुझी,
शेजारची काकू