अक्काच्या नावाभोवती पेन्सिलीचा गोल

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यात आमची 39 गुंठे द्राक्षबाग आहे. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज मीच भरला. नावं तीन: आई, थोरली बहीण आणि मी. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या, नाशिकच्या शरणपुरात अक्का, म्हणजे ही बहीण, राहते. लग्नानंतर काही वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. तलाठ्यांनी अर्ज पाहिला आणि तिच्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "या ख्रिश्चन झाल्यात ना? मग यांचा वाटा कुठला? हक्कसोड घेऊन टाका, काम सोपं होईल." चुलत्यांनी आधीच कान भरले होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते सोयीचं वाटलं.

घरी येऊन कायदा वाचला. धर्म सोडल्यानं वारसा बुडत नाही, हे 1850 सालीच कायद्यानं ठरलं होतं. 1956 चा हिंदू वारसा कायदाही धर्म बदलणाऱ्याला अडवत नाही. त्याचं कलम 26 अडवतं ते धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना, तेही हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीपुरतं आणि वारसा खुला होताना, म्हणजे तो नातेवाईक वारला त्या वेळी, ती मुलं हिंदू नसतील तर. मुसलमान झालेल्या लेकीलाही बापाच्या मिळकतीत हक्क आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलंय. गावात मात्र मुलांसाठीचं हे कलम 26 थेट धर्म बदललेल्या त्यांच्या आईच्याच माथी मारतात.

अक्काचा थोरला बाप्तिस्म्याआधीचा, धाकटी नंतरची. अक्का वडिलांच्या आधी गेली असती तर आजोबांच्या बागेत थोरल्याला वाटा मिळाला असता, धाकटीला नाही. एका ताटात जेवलेली भावंडं ही! पण कलम बदलायचं म्हणजे लांबचा पल्ला, आज तो मागत नाही.

मागतोय ते एक पानी परिपत्रक. धर्म बदलला एवढ्यावरून लेकाचं किंवा लेकीचं नाव गाळू नये. हरकत असेल तर लेखी घ्यावी, पोच द्यावी, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवून सुनावणी लावावी. आणि हक्कसोडीचा विषय वारसानं स्वतः काढला तर काढावा, टेबलापलीकडून कुणी सुचवू नये.

अक्का म्हणते, "राहू दे रे, कशाला कोर्टकचेरी." असं म्हणून सही करून टाकणाऱ्या बहिणी आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत. मी ती सही घेतलेली नाही. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलीय, पीककर्जाला सोसायटी नवा उतारा मागतेय. तो मला तिन्ही नावांचा हवाय.

आपला,
निफाड तालुक्यातील एक खातेदार