येताना ते डबे घेऊन ये

सांगली, रविवार रात्र

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुझा बेत मी बाबांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "आईवर गेलीय." फोनवर मला तुझ्यासारखं भराभर बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

हिंजवडीत गाळा घ्यायचा, टेबलं-खुर्च्या नाहीत, सगळा धंदा झोमॅटो-स्विगीवर. मी नको म्हणत नाही. 1996 मध्ये मुंबईत मॅकडोनाल्ड्स आलं तेव्हा वडापाववाल्यांच्या गावात हे काय पाव विकणार, असं आम्हीच म्हणत होतो. त्यांनी गोमांस, डुकराचं मांस ठेवलंच नाही, पुढे पावात आलू टिक्की घातली आणि बस्तान बसवलं. लोक बाहेरचं खातात आणि खाणारच. प्रश्न एवढाच की त्यातलं तुझ्या हातात किती राहतं.

आपण वर्षभर एका ॲपवर आपल्या खाणावळीची थाळी लावली होती, तेव्हाचं एक बिल मी वहीत जपून ठेवलंय. दोन थाळ्या, 320 रुपये. कमिशन 24 टक्के, म्हणजे 77. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 14. सवलत त्यांनी जाहीर केली, पण त्यातला आपला वाटा 40. डबे, पिशवी, चमचे मिळून 22. उरले 167. त्यातच किराणा, भाजी, गॅस, पोळ्या आणि भाडं. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, 320 ला दोन थाळ्या, लुटतात! शिवाय 2017 च्या नोव्हेंबरपासून हॉटेलांना 5 टक्के जीएसटी आहे, पण आपण भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. कमिशनवरचे ते 14 रुपये गेले ते गेलेच. तुझ्या मित्राच्या एक्सेलमध्ये हा रकाना आहे का, बघ.

गॅसचंही तसंच. धंद्याला 19 किलोचा सिलेंडर लागतो, त्याचा दर एक तारखेला बदलतो. थाळीचा दर काही दर महिन्याला बदलता येत नाही. घरचा लाल सिलेंडर लावायचा मोह होईल, लावू नकोस.

पण मला खरी धास्ती आहे ती माणसांची. पोळ्यांच्या काकू रोज तीनशे पोळ्या लाटतात, पोळीमागे पैसे घेतात. सुनेच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा आठ दिवस मीच लाटल्या, मनगटाला पट्टा बांधून. चौथ्या दिवशी पोळ्यांचे नकाशे झाले, पोरांनी गुपचूप खाल्ले. भांडी घासणारा ओडिशाचा पोरगा दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. नंतर कळलं, पुण्यात मॉलमधल्या बर्गरच्या दुकानात लागला. तिथे युनिफॉर्म, पीएफ, आठवड्याची सुट्टी. मी त्याला कुठल्या तोंडाने नावं ठेवू? मी त्याला कधी सुट्टी दिली होती? तुम्ही माणूस ठेवाल तेव्हा सुट्टीचा वार आधी ठरवा, मेनू नंतर.

मोठ्यांपुढे आपण कुठे टिकतो तेही सांगते. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला, तेव्हा मॅकडोनाल्ड्सला उत्तरेकडच्या कितीतरी दुकानांत बर्गरमधला टोमॅटो काढून तशी पाटी लावावी लागली. मी आमटीत आमसूल टाकलं, कोशिंबीर काकडीची केली. एकानेही विचारलं नाही. (देशपांड्यांच्या पोराने विचारलं, पण तो मिठाचंही विचारतो.) तुझ्या यादीत चाळीस पदार्थ आहेत, फोटोंसकट. ते सहावर आण, आणि "आजची भाजी" एवढंच लिही. बाजारात जे स्वस्त ते शिजवायची मोकळीक हातात ठेव. मात्र मोठ्यांकडून एक गोष्ट उचल: मीठ-तिखट वजनावर घ्यायचं. माझ्या अंदाजाने आमटी रोज वेगळी होते, हे मी तुलाच कबूल करते.

नोकरी सोडायच्या आधी जूनमध्ये महिनाभर इथे ये. कॉलेज सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सत्तर ताटं होतात. सकाळी साडेपाचला मंडईत माझ्याबरोबर चल. आणि तू दाखवलेस ते कागदी डबे चार-सहा घेऊन ये. कट भरून दोन तास पिशवीत ठेवून बघू, बूड गळतं की काय.

तुझी,
आई