आई-बाबा, त्या तीन दिवसांबद्दल

आई, बाबा,

सगळ्यात आधी सांगतो, मी बरा आहे, कालपासून परत ड्युटीवर आहे आणि कालच पोटभर भात जेवलो. गेल्या आठवड्यात फोनवर नेटवर्क नाही म्हणून व्हिडिओ लावला नाही ना, ते खोटं होतं. नेटवर्क होतं, मी आजारी होतो आणि माझा चेहरा बघितला असता तर आई रात्रभर झोपली नसती. चुकलं माझं, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतोय.

आमच्या क्रूझ बोटीवर नोरोव्हायरस आलाय. कोविड नाही, आधीच सांगतो, कारण मला माहितीये बाबा तुम्हाला लगेच २०२० आठवणार. ओकाऱ्या आणि जुलाब, एकदम सुरू होतात, माझं तर रात्री डिनर सर्व्हिस संपवून केबिनमध्ये आलो आणि दहा मिनिटांत उभं राहता येईना. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि बहुतेकांना १ ते ३ दिवसांत बरं वाटतं, जपायचं ते फक्त अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तेच जड जातं, आणि आमच्या पॅसेंजरमध्ये निम्मे तर तुमच्याच वयाचे दिसतात.

पहाटे तीनला मी मेडिकल सेंटरला फोन केला. ड्युटी जाईल, टीप बुडेल म्हणून काही पोरं गोळी खाऊन तसंच काम करतात, मलाही क्षणभर वाटलं की सकाळपर्यंत थांबू. पण मी लोकांच्या ताटात वाढणारा माणूस आहे. हा विषाणू इतका चिवट की थोडेसे कण पोटात गेले तरी पुरतात, आणि कोणी ओकलं की बारीक शिंतोडे उडून टेबल, कठडे, दाराच्या मुठी सगळीकडे बसतात. नुसत्या सॅनिटायझरवर तो धड मरत नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळावे लागतात. आई, तू बाहेरून आल्यावर आधी हातपाय धुवायला लावायचीस ना, तेच.

मला वेगळ्या केबिनमध्ये ठेवलं, जेवण दाराबाहेर, पाण्यात ओआरएस. जेवणाशी संबंध असलेल्या क्रूला त्रास थांबल्यावरही ४८ तास कामावर घेत नाहीत, त्यामुळे बरं वाटत असूनही बसून राहिलो. केबिनला खिडकी नव्हती, दिवस की रात्र ते फक्त घड्याळावरून कळायचं. पेजेची इतकी आठवण आली, तुझ्या हातची, वर थोडं मीठ आणि बाजूला लोणच्याचा खार.

आणि तिथे पडल्यापडल्या मला सारखी डायमंड प्रिन्सेस आठवत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये आपण तिघं टीव्हीसमोर बसून बघायचो, जपानच्या योकोहामाला ती बोट अडकलेली, ३,७११ माणसं आणि त्यातल्या ७०० च्या वर लोकांना कोविडची लागण. पॅसेंजर आपापल्या केबिनमध्ये बंद आणि क्रू मात्र काम करतोय, दारोदार जेवण पोचवतोय आणि रात्री दोघं-तिघं एकाच केबिनमध्ये झोपतायत. बोटीवर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ क्रू. २७ फेब्रुवारीला विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आले पण १६ जणांना लागण झाल्यामुळे उपचारासाठी तिथेच राहावं लागलं. बाबा, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की या पोरांच्या घरी काय चाललं असेल. मीही जेवायला वाढतो, आता त्याच पोरांपैकी एक मी आहे, म्हणून तुमच्यापासून लपवलं त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता बोटीवर कोड रेड आहे, म्हणजे साथीचे कडक नियम. बुफेमध्ये पॅसेंजरना स्वतः वाढून घेता येत नाही, आम्हीच ग्लोव्ह्ज घालून वाढतो, टेबलावरची मीठ-मिरीची भांडी काढून ठेवलीत, कठडे आणि लिफ्टची बटणं क्लोरीनने पुसून पुसून हात कोरडे पडलेत. अमेरिकेच्या बंदरात शिरायच्या आधी किती जण आजारी ते तिथल्या सीडीसीला कळवावं लागतं (बाबा, ही आपली खलाशांची सीडीसी, म्हणजे नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, नव्हे, त्यांची आरोग्य संस्था), पॅसेंजर किंवा क्रूपैकी ३ टक्के झाले की ते जाहीरही करतात. म्हणजे तुम्हाला कुठेतरी बातमी दिसली तर घाबरू नका, नियम म्हणून कळवलेलं असतं.

माझा केबिनमेट, तो मडगावचा पोरगा, त्याला काही झालं नाही, त्याने माझे कपडे वेगळ्या पिशवीत भरून लॉन्ड्रीला दिले आणि रोज दाराबाहेरून हाक मारून चौकशी करायचा. त्याच्या आईला तुझ्याकडून एकदा फोन कर, नंबर पाठवतो.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. रविवारी बोट मायामीला लागेल, तुमच्याकडे रात्री साडेनऊ वाजता फोन करतो, यावेळी व्हिडिओ लावूनच. थोडा बारीक दिसेन, आई, तेवढं चालवून घे.

तुमचा,
बाळा