मसाविच्या उत्तराचा पडताळाही शिकवावा

महोदय,

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की कोल्हापुरातील पेठापेठांत सराव वर्ग भरतात आणि मुले मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) यांची उदाहरणे घोकू लागतात. घोकू लागतात असेच म्हणावे लागते, कारण मूळ अवयव पाडून मसावि काढण्याची पद्धत बऱ्याचदा ‘सामाईक अवयवांचा गुणाकार’ एवढ्या एका वाक्यात उरकली जाते.

५०४ आणि ५४० या संख्या घेऊ. ५०४ = २ × २ × २ × ३ × ३ × ७ आणि ५४० = २ × २ × ३ × ३ × ३ × ५. दोन्हीकडे २ आणि ३ दिसतात म्हणून ६ हे उत्तर लिहून अनेक मुले मोकळी होतात. ६ हा सामाईक विभाजक आहे, पण महत्तम नाही. २ आणि ३ हे दोन्ही अवयव प्रत्येक संख्येत किमान दोनदा येत असल्याने मसावि ३६ येतो. आणखी एक २ घेतला तर ७२ ने ५४० ला भाग जात नाही, आणखी एक ३ घेतला तर १०८ ने ५०४ ला जात नाही. लहान घातांकच का घ्यायचा, हे फळ्यावर एवढे करून दाखवले तरी मुलांना उमगते.

पडताळा तर त्याहून सोपा आहे. दोन्ही संख्यांना उत्तराने भागावे. येणारे भागाकार सहमूळ, म्हणजे १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक नसलेले, असलेच पाहिजेत. ६ ने भागल्यास ८४ आणि ९० येतात, म्हणजे अजून सामाईक अवयव शिल्लक आहेत. ३६ ने भागल्यास १४ आणि १५ येतात. ५०४ सेंमी रुंद व ५४० सेंमी लांब खोलीत न कापता बसणारी सर्वांत मोठी चौरस फरशी ३६ सेंमीची, आणि हेच १४ व १५ म्हणजे तिच्या दोन बाजूंना लागणाऱ्या फरश्या.

३९१ आणि ४९३ अशा संख्यांचे अवयव पटकन सापडत नाहीत, हे खरे. तेथे युक्लिडची, बाकीने पुन्हा भागत जाण्याची रीत सोयीची. तिने १७ हे उत्तर तीन-चार पायऱ्यांत मिळते. विद्यार्थ्याने ही रीत वापरली म्हणून गुण कापले जाऊ नयेत आणि सराव वर्गांनी आपल्या टिपणांत पडताळ्याची एक ओळ जरूर घालावी, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर