कंपवाताच्या माणसाला ओढू नका

महोदय,

पार्किन्सन म्हणजे कंपवात झालेल्या माणसाचा हात थरथरतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याचे पाय मध्येच जागच्या जागी खिळतात, हे मात्र आमच्या किनाऱ्यावर कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून हे पत्र.

माझे वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातलं मोठं जाळं ओढणारे. उमेद होती तोवर ओल्या वाळूत पाय रोवून जाळ्याचा दोर ओढला. आता पडवीतून माजघरात जाताना उंबऱ्याशी अडतात. ‘पाय जमनीक चिकटले गो,’ म्हणतात. अंग पुढे झुकतं, टाचा उचलतात, गुडघे लटपटतात, पण पाऊल पडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा हट्टाला पेटलाय. गेल्या गणपतीत एका पाहुण्याने मदत म्हणून दंड धरून खेचलं. अंग पुढे गेलं, पाय तिथेच राहिले. मनगट मोडलं.

त्यांच्या पायांतली ताकद गेलेली नाही. एकामागून एक पाऊल टाकायची लय मुळात मज्जारज्जूत तयार होते. मेंदूशी संबंध तोडला तरी मज्जारज्जू ती लय निर्माण करू शकतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पण निघायचं कधी आणि थांबायचं कुठे, हे मेंदू ठरवतो. त्याच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशीपुंज आहेत. नको त्या हालचाली दाबून धरायच्या आणि हवी तेवढीच मोकळी सोडायची, हे त्यांचं काम. मोकळी सोडायला डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन लागतं आणि या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. वल्ही मारायला माणसं तयार, पण नांगर वर येत नाही, अशी गत.

तरी डोळ्यांना दिसलेल्या किंवा कानांवर पडलेल्या खुणेवर पाऊल उचलायला मेंदूकडे दुसऱ्या वाटा असतात. म्हणूनच सपाट जमिनीवर अडणारा माणूस कित्येकदा जिना सरळ चढून जातो, आणि घरचे म्हणतात नाटकं करतो! किती दुखावत असेल ते त्याला. फिजिओथेरपिस्ट ताईंच्या सांगण्यावरून आम्ही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पावलापावलाच्या अंतरावर चुन्याच्या रेघा मारल्या. रेघा वाटेला आडव्याच हव्यात, कारण त्या ओलांडायच्या असतात. चालायच्या दिशेने मारलेल्या उभ्या रेघांचा उपयोग होत नाही. सारवलेल्या खळ्यात चुना टिकत नाही, पुन्हा पुन्हा मारावा लागतो. उंबऱ्यापाशी लादीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, तिथे बाबा आता पुष्कळदा न अडता पलीकडे जातात. प्रत्येकाला सारखाच गुण येईल असं नाही, आणि डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळ्या वेळच्या वेळी हव्यातच.

असा माणूस बाजारात, देवळाच्या दारात, बसच्या पायरीशी अडलेला दिसला तर ओढू नका, मागून ढकलू नका. ‘चला, चला’ म्हणून घाईही करू नका, घाईने पाय अधिकच खिळतात. आधी त्याला नीट उभं राहू द्या. मग शेजारी थांबून ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका द्या, नाहीतर जमिनीवरची एखादी फट दाखवून ती ओलांडायला सांगा. आमच्या वाडीत आशाताई घरोघर येतात. त्यांच्या प्रशिक्षणात एवढी माहिती घालावी, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, तळाशील, ता. मालवण